दिल्लीची कलादालने : भिंत, उंबरठा आणि प्रेक्षक

चित्रकार आपले चित्र एकांतात रंगवितो. तेथे त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र ते चित्र दालनाच्या भिंतीवर टांगले जाते त्या क्षणापासून ते सार्वजनिक व्यवहाराचा विषय होते. ती भिंत कोणाची, ती कोणाच्या अनुमतीने मिळाली, तिच्यासमोर उभे राहण्यास कोण येतो आणि कोण येण्यास धजत नाही, हे प्रश्न मग चित्राच्या रंगरेषांइतकेच महत्त्वाचे ठरतात. कलेच्या इतिहासात चित्रकारांची व संप्रदायांची चर्चा विपुल होते. भिंतीची चर्चा क्वचितच होते. म्हणून प्रस्तुत व्याख्यानात दिल्ली या एका शहराच्या भिंतींचा विचार करावयाचा आहे. तेथील प्रदर्शने आणि अलीकडच्या काळातील देहाश्रित प्रयोग यांना ज्या जागांनी आश्रय दिला किंवा नाकारला, त्या जागांकडे श्रोत्यांनी थोडे निरखून पाहावे, एवढाच येथे हेतू आहे.

दिल्ली हे मुळात चित्रकारांचे शहर नव्हे. कलकत्त्याला बंगाल संप्रदायाची परंपरा होती, मुंबईला जे. जे. कलाशाळा होती, मद्रासलाही जुनी कलाशाळा होती. नवी दिल्ली ही कचेऱ्यांची आणि बंगल्यांची राजधानी. १९२८ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय ललित कला व हस्तकला संस्था येथे वार्षिक प्रदर्शने भरवीत असे. दुसरे ठिकाण म्हणजे कॅनॉट प्लेसमधील धूमीमल यांचे. मूळचे हे कागद व लेखनसाहित्याचे दुकान. १९३६ पासून तेथे चित्रेही दिसू लागली. चित्रकाराने रंग घेण्यासाठी यावे आणि दुकानदाराने त्याचे चित्र मांडून ठेवावे, अशा घरगुती व्यवहारातून दिल्लीतील खाजगी कलादालनाचा जन्म झाला. यामिनी रायांची चित्रे या दुकानातून अनेक घरांत गेली.

या शहराला चित्रकार मिळाले ते फाळणीमुळे. लाहोर हे उत्तरेकडील कलेचे मोठे केंद्र होते. तेथे भवेशचंद्र संन्याल स्वतःची चित्रशाळा चालवीत. तेथेच १९४१ मध्ये अमृता शेरगिल वारली. १९४७ च्या उत्पातात संन्याल दिल्लीस आले. गोल मार्केटमध्ये २६ क्रमांकाच्या जागेत त्यांनी पुन्हा मांडामांड केली. या जागेला लोक निर्वासितांचा स्टुडिओ म्हणून ओळखत. घरदार, चित्रे, विद्यार्थी आणि गिऱ्हाईक हे सारे सीमेपलीकडे राहिले असता एका भाड्याच्या खोलीत चित्रशाळा थाटणे, ही घटना दिल्लीच्या कलाजीवनाचा खरा प्रारंभ मानावयास हरकत नाही. मार्च १९४९ मध्ये संन्याल, कंवल कृष्ण, धनराज भगत, प्राणनाथ मागो आणि के. एस. कुलकर्णी यांनी ‘दिल्ली शिल्पी चक्र’ हे मंडळ स्थापिले. यांपैकी कुलकर्णी बेळगावचे, जे. जे. मध्ये शिकलेले, बाकीच्यांपैकी बहुतेकांचे धागेदोरे पंजाबशी जुळलेले. कला जीवन उजळते, हे चक्राचे ब्रीदवाक्य होते.

आज हे वाक्य काहीसे भाबडे वाटेल. त्यामागचा आग्रह मात्र भाबडा नव्हता. जुन्या संस्थेच्या कारभारात तरुण कलावंतांना वाव नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःची भिंत शोधली. धूमीमल यांच्या दुकानाने त्यांना प्रारंभी आधार दिला. पुढे शंकर मार्केटमध्ये त्यांची जागा झाली. ही दोन्ही ठिकाणे बाजारातली. भाजी किंवा कापड घ्यावयास निघालेला मनुष्य तेथून जाताना सहज आत डोकावू शकत असे. पुढे ज्या भव्य वास्तू उभ्या राहिल्या त्यांना ही सोय कधीच साधली नाही.

या वास्तू उभ्या राहिल्या त्या पन्नाशीच्या व साठीच्या दशकांत. १९५४ हे वर्ष विशेष लक्षणीय. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय जयपूर हाऊसमध्ये सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये ललित कला अकादमीचे उद्घाटन झाले. जयपूर हाऊस हा एका संस्थानिकाचा दिल्लीतील महाल. ब्लूमफील्ड बंधूंनी रचलेला, मध्यभागी घुमट आणि दोन्ही अंगांना पसरलेले पंख अशा आकाराचा. संस्थानिकांचे राज्य गेले आणि त्यांच्या दिवाणखान्यात प्रजेची चित्रे आली, असे म्हणावयास बरे वाटते. तथापि महालाचा दरारा एका रात्रीत उतरत नाही. इंडिया गेटच्या हिरवळीवर सुट्टीच्या दिवशी हजारो माणसे शेंगदाणे खात बसतात. त्यांतील किती जण रस्ता ओलांडून अमृता शेरगिलच्या चित्रांपर्यंत जातात, हा प्रश्न विचारण्यास शिरगणतीची आवश्यकता नाही.

रवींद्र जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६१ मध्ये मंडी हाऊसच्या चौकाजवळ रवींद्र भवन उभे राहिले. वास्तुशिल्पी हबीब रहमान यांचा पहिला आराखडा नेहरूंना पसंत पडला नव्हता. त्यात टागोरांचे काहीच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. नंतरच्या आराखड्यानुसार तेथे तिन्ही अकादम्यांना आणि प्रदर्शनाच्या दालनांना जागा मिळाली. चौकाच्या अगदी जवळ, तानसेन मार्गावर, १९६३ मध्ये त्रिवेणी कला संगमाची इमारत पुरी झाली. ही संस्था सुंदरी श्रीधराणी यांची. त्या नर्तकी होत्या, अल्मोड्याला उदयशंकरांच्या केंद्रात शिकलेल्या. १९५० मध्ये कॅनॉट प्लेसमधील एका कॉफीहाऊसच्या वरच्या खोलीत संस्थेचा आरंभ झाला; तेथे चित्रकला शिकविण्यास कुलकर्णीच होते. जोसेफ स्टाइन या वास्तुशिल्पकाराने त्रिवेणीसाठी जाळीदार भिंती, खुला रंगमंच, हिरवळ आणि चहा पिण्याची जागा यांची अशी सांगड घातली, की चित्रे पाहावयास आलेला आणि नुसता चहा पिण्यास आलेला मनुष्य यांत भेद करणे कठीण व्हावे. दिल्लीतील सर्व कलादालनांत या एका वास्तूला उंबरठ्याचे मर्म कळले होते, असे वाटते.

याच काळातील एका प्रदर्शनाचा उल्लेख थोडा सविस्तर करावयास हवा. ऑक्टोबर १९६३ मध्ये रवींद्र भवनात बारा तरुणांचे प्रदर्शन भरले. गटाचे नाव होते ‘ग्रुप १८९०’. हा आकडा कोणत्याही ऐतिहासिक वर्षाचा नव्हे. भावनगर येथील ज्या घरी हे मित्र जमले त्या घराचा तो क्रमांक होता. जे. स्वामिनाथन हे गटाचे वैचारिक सूत्रधार. जेराम पटेल, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, हिम्मत शाह, राघव कनेरिया ही बडोद्याशी निगडित मंडळी त्यात होती, तशीच अकोल्यास जन्मलेले अंबादास हेही होते. बंगाल संप्रदायाचा हळवेपणा आणि पॅरिसचे अनुकरण या दोहोंनाही या मंडळींचा विरोध होता. प्रदर्शनाच्या पुस्तिकेची प्रस्तावना लिहिली होती मेक्सिकोचे तत्कालीन राजदूत आणि कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी. उद्घाटन केले होते नेहरूंनी. जाळलेले लाकूड, खिळे, राख यांनी बनलेल्या कलाकृतींपुढे देशाचा पंतप्रधान उभा राहतो, हे दृश्य त्या काळाविषयी बरेच सांगून जाते. चीनच्या आक्रमणाला जेमतेम एक वर्ष झाले होते. नेहरूंच्या आयुष्याचे अखेरचे काही महिने उरले होते. गटाचे हे पहिले आणि शेवटचेच प्रदर्शन ठरले. बहुतेक कलामंडळे पहिल्या उत्साहानंतर वर्षानुवर्षे रेंगाळत राहतात. या गटाने ते टाळले. अंबादास पुढे नॉर्वेला स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये तेथेच वारले.

शासनाच्या भिंतीचा एक गुण असा, की ती कोणालाही मिळू शकते. आणि दोषही तोच असतो, की ती कोणाला द्यावयाची हे समित्या ठरवितात. १९६८ मध्ये अकादमीने पहिले त्रैवार्षिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरविले. मुल्कराज आनंद त्या वेळी अध्यक्ष होते. तिसऱ्या जगातील एका गरीब देशाने व्हेनिसच्या पंक्तीस बसण्याचा हा प्रयत्न धाडसाचा होता. परंतु १९७१ मध्ये दुसऱ्या प्रदर्शनाच्या वेळी कलावंतांनीच अकादमीच्या कारभाराविरुद्ध निषेधाचा झेंडा उभारला. तिन्ही अकादम्यांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती खोसला यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. त्रैवार्षिक प्रदर्शने पुढे चालू राहिली, पण त्यांतला प्राण ओसरत गेला. २००५ मधील अकरावे प्रदर्शन हे शेवटचे ठरले. संस्था मरतात त्या एका दिवशी नव्हे; फाइली फिरत राहतात आणि दिवे मालवले गेल्याचे पुष्कळ उशिरा कोणाच्या तरी ध्यानात येते.

खाजगी दालनांचा वृत्तांत येथे थोडक्यात आटोपता येईल. कुमार, कुनिका, चाणक्य ही नावे साठी-सत्तरीच्या दशकांतील रसिकांच्या स्मरणात आहेत. १९७७ मध्ये इब्राहिम व रोशन अल्काझी यांनी त्रिवेणीतच ‘आर्ट हेरिटेज’ सुरू केले. नाटकाच्या माणसाने चालविलेल्या या दालनाने प्रदर्शनाबरोबर अभ्यासपूर्ण पुस्तिका छापण्याचा पायंडा पाडला. पुढे चित्रांच्या किमती वाढल्या. २००८ पासून कलामेळाही भरू लागला. त्याविषयी अर्थशास्त्रज्ञांनी बोलावे हे अधिक उचित.

अधिक महत्त्वाची आहे ती आणखी एक गोष्ट. १९८० नंतर चित्रकाराला भिंत अपुरी वाटू लागली. १९८१ चे ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबईतील जहांगीर दालनात आणि दिल्लीतील रवींद्र भवनात भरले. भूपेन खख्खर, शेख, जोगेन चौधरी, नलिनी मालाणी, सुधीर पटवर्धन, विवान सुंदरम् या सहा जणांनी भोवतालच्या माणसांना पुन्हा चित्रात आणले. यांतील विवान सुंदरम् यांची वाटचाल दिल्लीच्या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींच्या काळात होशी जाल या छायाचित्रकाराने रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचे छायाचित्र घेतले. ते टाइम्स ऑफ इंडियात छापून आले. रोजच्या वृत्तपत्रातील चित्र सायंकाळी रद्दीत जाते. सुंदरम् यांनी त्या एका चित्राभोवती १९९३ मध्ये ‘मेमोरियल’ ही रचना उभारली आणि रफी मार्गावरील ललित कला व हस्तकला संस्थेच्या दालनात ती मांडली. पत्र्याच्या ट्रंकांची कमान, खाली फरशांची वाट, काचेखाली ठेवलेले छायाचित्र आणि त्यावर ठोकलेले खिळे. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, अशा मृताला येथे स्मारक मिळाले. पत्र्याची ट्रंक ही घर सोडून निघालेल्या माणसाची वस्तू. लाहोरहून आलेल्यांच्या हातांतही अशाच ट्रंका असतील. या रचनेसमोर प्रेक्षकाला उभे राहून भागत नसे. त्याला कमानीखालून चालत जावे लागे, पायांखालच्या वाटेकडे पाहावे लागे, काचेवर वाकावे लागे. अंत्ययात्रेत सामील होणारा मनुष्य जे करतो ते त्याच्याकडून नकळत घडे.

मराठीत अशा रचनेस मांडणशिल्प म्हणतात. इंग्रजीत ज्याला परफॉर्मन्स म्हणतात, त्या कलाप्रकाराला मात्र मराठीत सर्वमान्य संज्ञा नाही. वास्तविक ‘प्रयोग’ हा शब्द हाताशी आहे. नाटकाचाही प्रयोग होतो आणि प्रयोगशाळेतही प्रयोग होतो. एकाच शब्दात सादरीकरण आणि कसोटी हे दोन्ही अर्थ वसतात. कलावंत स्वतःचा देह हेच साधन मानून प्रेक्षकांसमोर काही कृती करतो, तेव्हा नेमके हे दोन्ही अभिप्रेत असते. नटाला निदान भूमिकेचा आडपडदा असतो. येथे तोही नसतो.

दिल्लीच्या परिसरात या प्रकाराला बळ मिळाले ते १९९७ मध्ये मोदीनगर येथे भरलेल्या ‘खोज’ या कलावंतांच्या कार्यशाळेपासून. तेथे विक्रीचा प्रश्न नव्हता. आलेल्यांनी काही दिवस एकत्र राहावे आणि पूर्वी न केलेले काही करून पाहावे, इतकीच अपेक्षा होती. शतकाच्या अखेरीस सुबोध गुप्ता यांनी अंगाला शेण माखले आणि नंतर ते धुऊन काढतानाचे चित्रीकरण केले. ज्या शेणाने अंगण सारवून शुद्ध केले जाते, तेच अंगावरून धुऊन काढून शुद्ध व्हावयाचे, या विसंगतीसाठी ग्रामीण भागातून आलेल्या प्रेक्षकाला टीकाकाराची आवश्यकता भासत नाही. सोनिया खुराना रस्त्यावर, चौकात नुसत्या आडव्या झाल्या. देशात असंख्य माणसे रोज पदपथावर झोपतात आणि त्यांना कोणी पाहत नाही; एक सुशिक्षित स्त्री भरदिवसा तशीच आडवी होते तेव्हा मात्र गर्दी जमते. १६ डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर मया कृष्ण राव यांनी ‘वॉक’ हा प्रयोग केला. रात्री रस्त्याने निर्भयपणे चालण्याची साधी इच्छा, तीच त्यातील कृती. मल्लिका तनेजा ‘थोडा ध्यान से’ या प्रयोगात विवस्त्र उभ्या राहतात आणि मुलींना दिले जाणारे सावधगिरीचे सल्ले उच्चारीत एकावर एक कपडे चढवीत जातात. शेवटी माणूस दिसेनासा होतो, उरते ती गाठोड्यासारखी आकृती. प्रेक्षागारात प्रथम अवघडलेली शांतता असते, मग हसू, आणि हसू केव्हा थांबले हे कोणालाच सांगता येत नाही.

या ठिकाणी एका अप्रिय प्रकरणाचा निर्देश टाळता येणार नाही. मकबूल फिदा हुसेन हे पंढरपुरास जन्मलेले. १९५५ च्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या ‘जमीन’ या चित्राला पारितोषिक मिळाले होते. म्हणजे अकादमीच्या आरंभापासून ते राजधानीच्या भिंतींवर होते. देवदेवतांच्या चित्रांवरून त्यांच्याविरुद्ध निरनिराळ्या गावी खटले भरले गेले आणि २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हे खटले रद्दबातल ठरविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत पहिला मोठा कलामेळा भरला, तेव्हा त्यात हुसेन यांचे एकही चित्र नव्हते. सुरक्षेचे कारण देण्यात आले. न्यायालयाने जे मोकळे केले होते ते व्यापाराने बंद केले. ‘सहमत’ या संस्थेने निषेध म्हणून रफी मार्गावरील आपल्या आवारात हुसेन यांच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे व छायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन मांडले. ही संस्था १९८९ मध्ये, पथनाट्य करीत असताना झालेल्या हल्ल्यात सफदर हाश्मी यांचा मृत्यू झाल्यानंतर, कलावंतांनी उभारलेली. २४ ऑगस्ट रोजी काही माणसे आत शिरली आणि त्यांनी त्या प्रदर्शनाची मोडतोड केली. २०११ च्या मेळ्यात हुसेन यांची चित्रे होती. मध्येच ती उतरविली गेली आणि पुन्हा लावली गेली. त्याच वर्षी ९ जून रोजी हुसेन लंडन येथे वारले.

चित्र न आवडण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाला आहे. किंबहुना नापसंती हा आस्वादाचाच एक प्रकार होय. परंतु नापसंत करण्यासाठीही ते चित्र भिंतीवर असावे लागते. मेळा पाहण्यास आलेल्या सामान्य माणसाकडून २००८ मध्ये चित्राबरोबर हा अधिकारही काढून घेण्यात आला, आणि त्याला ते कळलेही नसेल.

दक्षिण दिल्लीत प्रेस एन्क्लेव्ह नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका बाजूला साकेतचे मॉल, दुसऱ्या बाजूला खिडकी गाव आणि त्याला लागून वाढलेली वस्ती. तुघलक काळातील एका मशिदीच्या जाळीदार खिडक्यांवरून गावाला हे नाव पडले. मॉलमध्ये किरण नाडर यांच्या खाजगी संग्रहालयाचे दालन थाटले गेले. नसरीन मोहमदी यांच्या रेखाकृती आणि २०१८ मध्ये विवान सुंदरम् यांच्या आयुष्यभराच्या कामाचा आढावा दिल्लीकरांनी येथे पाहिला. चपला खरेदी करण्यास आलेले कुटुंब चुकून आत शिरावे, अशी ही जागा. धूमीमलच्या दुकानाची आठवण येथे होते, मात्र मॉलच्या दाराशी पहारेकरी असतो. रस्त्यापलीकडे, खिडकीच्या गल्लीत, २००२ पासून ‘खोज’चे घर आहे. बिहार, नेपाळ, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतील देशांतून आलेली माणसे या वस्तीत दाटीवाटीने राहतात.

२००६ मध्ये शायना आनंद या मुंबईच्या चित्रपटकर्तीने या वस्तीत ‘खिडकीयान’ हा उपक्रम केला. चोरांवर नजर ठेवण्यासाठी दुकानदार जे स्वस्त कॅमेरे बसवितात तेच तिने घेतले, सोबत केबलवाल्याची साधने आणि दूरचित्रवाणीचे संच. गल्लीतील निरनिराळ्या ठिकाणी, दुकानांत व घरांत, एक एक कॅमेरा आणि एक एक संच ठेवून ते तारांनी जोडले. एका पडद्यावर सर्व ठिकाणची माणसे एकाच वेळी दिसत, एकमेकांना पाहत आणि बोलत. कलावंत स्वतः बाजूला राहिली. नक्कल करणारी मुले, गाणारी माणसे, घरातून बोलणाऱ्या बायका, पाण्यावरून आणि घरभाड्यावरून होणाऱ्या तक्रारी, असे सारे त्या पडद्यावर आले. चार पावलांवर राहणारी, पण एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसे एकमेकांची चौकशी करू लागली. असे सात भाग झाले. त्यानंतर तारा काढल्या गेल्या आणि संच परत नेण्यात आले.